शनिवारची धाप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. देवालासुद्धा नाही — आणि आमा लिंगायतांचा देव तर गळ्यातच असतो, चोवीस तास छातीला लागून. त्याच्यापासून लपवायचं म्हणजे किती निबर व्हावं लागत असेल, तुमीच बगा. तर आज सांगायलेय. रडत नाही. रडायचं असतं तर तवाच रडले असते. आता या वयात डोळ्यांत पाणी आणून कुणाला दाखवायचं?

परवा गल्लीतले चौघे-पाच जण आले होते, शाल आणि नारळ घेऊन. जुन्या काळी जिनमधल्या बायकांसाठी तुमी लय झटलात म्हणे, तुमचा सत्कार करायचाय. कोण म्हणलं झटले? तर त्यांच्या आज्या सांगून गेल्यात — मुकादमीण अक्का होती म्हणून आमचं निभावलं. मी नारळ परत दिला. त्यांना वाटलं, म्हातारी संकोचली. संकोच! उभ्या जन्मात मी कशाला संकोचले नाही. त्या आज्यांच्या तोंडी भागूचं नाव कधी आलं होतं का, असं मी विचारलं. त्यातल्या एकालाही ते नाव माहीत नव्हतं.

तर भागू कोण, ते सांगते.

मी मूळची पालमची. घरात किराणा दुकान, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. शनी, राहू, केतू असल्या मंडळींना आमच्या उंबऱ्यात थारा नव्हता — हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल. दुकानावर मुसलमान गिऱ्हाईक बरंच, त्यामुळं मला त्यांची बोली सफाईनं यायची. नवरा तापात गेला. दिरांनी दुकान धरलं आणि मला चूल दाखवली. मी चूल तशीच पेटती ठेवली आणि गाव सोडलं. सेलूला आले. तवा निजामाचं राज्य होतं. सेलूला रेल्वे होती, कापसाचा बाजार होता, आणि बाजाराच्या मागं जिन होतं — कापसातनं सरकी वेगळी काढायचा कारखाना. तिथं बायका लागायच्या. मला ओळखणारं कुणी नव्हतं. भागूनं विचारलं, कुठं उतरलीस? कुठंच नाही, म्हणले. तर तिनं माझं गाठोडं उचललं आणि चालायला लागली. एवढीच आमची ओळख.

ती चारठाण्याची. नवऱ्यानं दुसरी केली तशी ती निघाली, भांडली नाही, तंडली नाही. हसरी बाई. बुटकी, गोल तोंडाची, दात पुढं. देवळांच्या गावची म्हणून देव-देव फार. मी तिला चिडवायचे, तुमच्या गावात माणसं कमी आणि देवळं जास्त, म्हणून नवरा पळाला. तीही हसायची. अर्ध्या खोलीत तिनं मला घेतलं, अर्धी भाकरी दिली, आणि रेच्यावर हात कसा राखायचा ते शिकवलं. माझी दहाही बोटं आज जागेवर आहेत, ती तिच्यामुळं.

जिन कसं असतं, ते आधी कळू द्या. लांबलचक पत्र्याची वखार. दोन्ही भिंतींना लागून रेचे — सरकी काढायची यंत्रं. एकेका रेच्यापुढं एकेक बाई. फिरत्या रुळापुढं हातानं कापूस सारायचा. रुई पलीकडं पडते, सरकी खाली. हात जरा पुढं गेला की बोट गेलं. आणि दिवसभर हवेत धूळ — कापसाची, वाळल्या पाल्याची, बोंडाच्या चुऱ्याची. समोरच्या बाईचं तोंड धड दिसायचं नाही. आमी पदर नाकावर बांधायचो, पण लुगड्याच्या पदरानं काय अडतंय? खिडक्या होत्या. खिळे ठोकून बंद केलेल्या. वारा आत आला की रुई उडती, आणि उडालेली रुई जिनच्या मालकाला, सेठजीला, बघवत नव्हती. एकच मोठं दार सताड उघडं असायचं, सरकीची पोती बाहेर काढायला. मला जे सांगायचंय ते त्या दाराचंच आहे.

पण आधी शनिवार.

निजामाच्या राज्यात सुट्टी जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची. शुक्रवारी बायका न्हायच्या, लुगडी धुवायच्या, शेणानं सारवायच्या. छाती मोकळी, खोकला गप. आणि शनिवारी कामावर आलं की जेवणाच्या भोंग्यापर्यंत छाती आवळून यायची — छातीवर जातं ठेवल्यागत. श्वास वर यायचा नाही, खाली जायचा नाही. संध्याकाळी घरी जाताना चार पावलांवर थांबायचं. रविवारी जरा कमी. सोमवारी, मंगळवारी तर काहीच नाही, वाटायचं की गेलं दुखणं. पुन्हा जुम्मा, पुन्हा शनिवार, पुन्हा धाप. एकीला नव्हे, कितीजणींना! मग सांगा, खेड्यातनं आलेल्या बायकांनी काय समजावं? धाप शनिवारीच का? शनिवार कुणाचा? झालं. शनीचा कोप.

स्टेशनच्या वाटेवर शनीचा एक पार होता. शनिवारी भोंग्याच्या आधी बायकांची तिथं रीघ लागायची. हातात तेलाची वाटी, पोटात काही नाही. उपाशीपोटी तेल घालायचं आणि तसंच उपाशी जाऊन दिवसभर रेच्यापुढं उभं राहायचं. भागू सगळ्यांच्या पुढं. मी पारापाशी थांबायचे नाही. धाप मलाही लागायची, पण मी म्हणायचे, माझा काय संबंध शनीशी? मला सर्दी आहे. दोन हंगाम मी हीच सर्दी सांगितली.

तिसऱ्या हंगामात मुकादमीण नेमायची निघाली. मान भागूचा होता, ती सगळ्यांत जुनी. मुनीम तिलाच विचारायला आला. तर ही काय म्हणावी? "अक्काला करा. तिला बोली येती, साहेबलोकांपुढं बोलायला बरं." मी नको-नको केलं — खोटं कशाला बोलू, एकदाच केलं, तेही हळू आवाजात. मुकादमीण झाले आणि रेचा सोडून दारात आले. मुकादमिणीचं काम दारात: बायकांवर नजर ठेवायची आणि सरकीची पोती भरून घ्यायची. दारात वारा होता. पहिला शनिवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला — मला धाप लागली नाही. सर्दी गेली म्हणावं, तर ऐन थंडी. शनी माझ्यावर खूश झाला म्हणावं, तर मी त्याला तेलाचा थेंब घातला नव्हता. मग काय बदललं होतं? जागा. नुसती जागा. मला तवाच कळलं. शाळा शिकलेली नसेन, पण खुळी नव्हते.

कळलं, तर सांगायचं होतं की नाही?

थांबा, एकदम नाही सांगता येत. आधी बुधवारचं सांगते. ते लहान आहे. निदान मी इतकी वर्षं स्वतःला तसं सांगत आले.

बॉयलरची नळी फुटली आणि जिन बंद पडलं. जुम्म्यापासून मंगळवारपर्यंत बंद. बायका घरी बसल्या. शनिवार आला, गेला, कुणाला काही झालं नाही. बुधवारी भोंगा झाला, रेचे सुरू झाले, आणि दुपारी — सगळ्यांच्या छात्या आवळल्या. एकदम. भागू रेचा सोडून माझ्याकडं आली, छातीवर हात, डोळे मोठे. म्हणली, "अक्का, आज तर बुधवार हाय. मंग शनी कसा काय गं?"

बघितलंत? कुणी शिकवलं नव्हतं तिला. तिचं तिनंच धरलं होतं. आणखी एक पाऊल आणि तिला कळलं असतं की हे दिवसाचं नाही, हे सुट्टीनंतरचं आहे — छाती पाच दिवस मोकळी राहिली आणि मग पुन्हा धूळ आत गेली, त्याचं आहे. आजूबाजूच्या बायकांनी माना वळवल्या. रेचे रिकामे फिरायले. आणि मी, जिच्या घरात शनीचं नाव कुणी घेत नव्हतं ती मी, दारातनं मोठ्यानं म्हणले, "शनी वक्री झालाय. वक्री शनीला वार नसतो."

हा शब्द मी दुकानावर एका जोश्याच्या तोंडी ऐकला होता. बायकांनी माना हलवल्या. एकीनं तर कानाला हात लावला. भागू परत गेली आणि रेच्यापुढं उभी राहिली. का बोलले मी असं? रेचे थांबले असते, मुनीम धावत आला असता, सगळ्यांना समजावत बसावं लागलं असतं. मला कंटाळा आला होता. दुसरं काही नाही. कंटाळ्यापायी मी तिच्या हातात आलेलं खरं काढून घेतलं.

त्यापुढं दुखण्यानं आपली चाल सोडली नाही. मी दारातनं बघत होते, मला सगळं दिसत होतं. भागूला पहिल्यांदा फक्त शनिवारी व्हायचं. मग शनिवार-रविवार. मग सोमवार-मंगळवारही सुटेना. हंगामाच्या शेवटाला कवडी यायची, म्हणजे शेवटच्या वेचणीचा किडका, चुऱ्यानं भरलेला कापूस; तो आला की तिचा खोकला ऐकवत नसे. होळीनंतर जिन बंद झालं की पावसाळाभर बरी राहायची, अंगावर मांस धरायची. पुढं तेही राहिलं नाही. घरी चुलीत पऱ्हाट्या — कापूस काढून उरलेली झाडं. दिवसा कापसाची धूळ आणि सकाळ-संध्याकाळ कापसाच्याच काड्यांचा धूर. तिचा रेचाही कसला? शेवटचा, कोपऱ्यातला, दोन्ही भिंतींच्या बेचक्यात. धूळ तिथं जाऊन बसायची आणि बाहेर निघायची नाही. रेचे कुणाला कोणते द्यायचे, ते माझ्या हातात होतं. तो तिला आधीपासून होता, मी दिला नव्हता. मी बदलला नाही, एवढंच.

आता डॉक्टरचं.

एका हिवाळ्यात सरकारी डॉक्टर आला, देवीची टोचणी करायला. तरणा, मऊ बोलणारा, उर्दूच बोलायचा. दंड पुढं करायला भागू उभी राहिली आणि खोकायला लागली. त्यानं टोचायचं थांबवलं. नळी लावून तिची छाती ऐकली, पाठ ऐकली. मला विचारलं, तू यांची मुकादमीण का? हो म्हणले. मग तो जे बोलला ते मला अजून शब्दानं शब्द आठवतं. म्हणाला, हिला विचार, त्रास रोज सारखाच होतो की सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त होतो? सुट्टीनंतर होत असेल तर हे या कापसाच्या धुळीचंच आहे. मग मी तुमच्या मालकाला लिहून देतो, हिला कोपऱ्यातनं काढा आणि दारात, वाऱ्यात काम द्या. अजून वेळ गेलेली नाही.

दारात काम एकच होतं. माझं.

भागू दारात आली तर कोपऱ्यातला रेचा कुणी धरायचा? हे मला तिथल्या तिथं कळलं. मला विचार करावा लागला नाही. मला माझे ते दोन हंगाम आठवले — चार पावलांवर थांबणं, तोंड उघडं टाकून हवा ओढणं, आणि हवा न येणं. तुमाला कधी हवा आली नाही असं झालंय का? झालं असेल तर तुमाला कळेल. नसेल तर कळणार नाही, आणि कळून घेऊही नका.

मी भागूला विचारलं. नीट विचारलं, जसंच्या तसं. ती काय म्हणली? "शनवारी, अक्का. सुट्टी झाली की शनवारी धरतंय बग. शनीचा कोप हाय म्हणावं माज्यावर."

म्हणजे तिनं सांगितलं हो! तिनं सगळं खरं सांगितलं. दिवस सांगितला, सुट्टी सांगितली. त्याला शनीचं फडकं गुंडाळलेलं होतं, तेवढंच. डॉक्टरनं विचारलं, "क्या बोल रही है?" मी फडकं तेवढं त्याच्या हातात दिलं. म्हणले, "बोलती है, शनी देव का गुस्सा है." तो कसनुसा हसला. म्हणाला, ते राहू दे, दिवस कोणता? मी म्हणले, दिवस-बिवस काही नाही साहेब, रोज सारखंच. घरात पऱ्हाट्या जाळते, त्या धुरानं होतं.

हे बोलताना माझा हात गळ्यातल्या लिंगावर गेला होता. आपोआप. मी काढला नाही.

भागू माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला त्या बोलीतला शब्द कळत नव्हता. तिला वाटलं, मी तिच्यासाठी रदबदली करायलेय. डॉक्टरनं मान हलवली, खोकल्याचं औषध लिहून दिलं, धुरात बसू नको म्हणून सांगितलं आणि पुढच्या बाईचा दंड धरला. संध्याकाळी भागूनं माझ्यासाठी भाकरीबरोबर तिळाची चटणी कुटली. कुटताना दोनदा थांबली, दम खाल्ला. म्हणली, "किती बोललीस गं माज्यासाटी सायबापाशी." मी जेवले. दोन भाकरी खाल्ल्या. चटणीत मीठ जरा जास्त झालं होतं.

आणि धुरात बसू नको असं डॉक्टर म्हणाला होता, म्हणून तिनं चूल अंगणात मांडली. पौषाच्या थंडीत, उघड्यावर, ओला खोकला घेऊन. तेही माझ्याच बोलण्याचं फळ.

तुमी म्हणाल, गरीब विधवा, परकं गाव, निजामाचं राज्य, सेठजीचा धाक, काय करणार बिचारी. म्हणू नका! मला नको ते. डॉक्टर विचारत होता तवा मुनीम तिथं नव्हता, त्याच्यासाठी चहा सांगायला गेला होता. सेठजी तर गावातच नव्हता. माझ्या मानेवर कुणी सुरी ठेवली नव्हती. सेठजीचं पाप सेठजीकडं, खिडक्यांना खिळे त्यानं ठोकले. सरकारचं सरकारकडं. त्यांच्या वाटणीचं मी माझ्या अंगावर घेणार नाही, आणि माझ्या वाटणीचं त्यांच्या दारात नेऊन टाकणारही नाही. दार उघडं होतं आणि दारात मी होते. बस.

आणि बगा, तिला दारात घ्यायला डॉक्टरचा हुकूम लागतच नव्हता. मी मुकादमीण होते. आळीपाळी लावली असती — चार दिवस तू, चार दिवस मी — तर कोण विचारणार होतं? एकदा तिनं मागितलं. आयुष्यात एवढं एकच मागितलं तिनं मला. शनिवार होता, कवडी चालू होती. आली आणि म्हणली, "अक्का, जरा हितं हुबी ऱ्हाऊ का? चार घटका." मी सरकले. ती चौकटीला टेकली, डोळे मिटले, पदर नाकावरनं खाली घेतला. तिचे खांदे वर-खाली व्हायचे थांबले. तोंडावर रंग आला. आणि मला तिचा तो निवलेला चेहरा बघवेना. भीती वाटली हो मला, की ही आता रोज मागेल. म्हणले, "जा गं भागू, रेचा रिकामा चाललाय."

ती गेली. जाताना म्हणली, "व्हय, लय येळ झाला."

मग रझाकारांची धामधूम आली. गावंच्या गावं रिकामी झाली, कापूस येईना, जिन कितीतरी महिने बंद राहिलं. आमी दोघी सेलूतच राहिलो. जाणार कुठं? लोकांच्या जिवाला घोर, आणि इकडं भागू बरी व्हायली! खोकला उतरला, रात्रीची झोप यायली, विहिरीवरनं घागर आणायली. म्हणायची, माझी साडेसाती सरली बघ, अक्का. मी हो म्हणायचे. पुढं निजामाचं राज्य गेलं. दिवाळी झाली, कापूस आला, जिन सुरू झालं. लोकांनी तोरणं बांधली, मुनीमानं गूळ वाटला. आणि नव्या राज्यात आमच्या जिनची सुट्टी बदलली. जुम्म्याची गेली, रविवारची आली.

आता कळलं का तुमाला पुढं काय झालं?

शनिवार आला. बायकांनी तेल घातलं, उपास धरला, आणि शनिवार नेहमीच्या खोकल्यावर निभावला. सगळ्या खूश — शनीसुद्धा निजामाबरोबर गेला म्हणून हसायल्या. रविवारी सुट्टी झाली. सोमवारी भोंगा झाला आणि दुपारी धाप आली. शनिवारची सगळी धाप उचलून कुणी सोमवारावर आणून ठेवल्यागत. भागूला सगळ्यांत जास्त. ती माझ्याकडं आली. बोलायला दम नव्हता, एकेक शब्द तोडून बोलायली. म्हणली, "अक्का, सोमवार तर तुज्या म्हादेवाचा. त्यो बी रुसला का गं माज्यावर?"

ते विचारताना ती माझ्या गळ्यातल्या लिंगाकडं बघत होती.

इथं तरी सांगायचं होतं. माझा देव होता तो, माझ्या छातीवर होता. नुसतं म्हणायचं होतं — नाही गं, देव कुणीच रुसला नाही, ही धूळ आहे, तू दारात ये. दहा-बारा शब्द. पण ते बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, तुला कधीपासून ठावं होतं? ते मी काय सांगणार होते? शनी खोटा ठरला तर बुधवार खोटा ठरतो, डॉक्टरला सांगितलेलं खोटं ठरतं, तिळाची चटणी खोटी ठरते. मी म्हणले, "सोमवार धर."

तिनं सोमवार धरला. शनिवार सोडला नव्हताच. आठवड्यात दोन दिवस उपाशी राहून ती कोपऱ्यातल्या रेच्यावर उभी राहायली.

चौथ्या सोमवारी, मार्गशीर्षात, जेवणाच्या भोंग्याआधी ती रेच्यापाशीच खाली बसली. बायकांनी आरडाओरडा केला. चौघींनी तिला उचललं आणि कुठं आणली? दारात. माझ्या जागी. सरकीच्या पोत्याला टेकवून बसवली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. बाहेर ऊन होतं, गार वारा होता. ती थोडा वेळ नुसती हवा ओढत राहिली. मग डोळे उघडले आणि म्हणली, "हितं लय बरं वाटायलंय, अक्का. हितं वारा हाय."

तिला कळलं होतं का? मला ठाऊक नाही. तोंडावर राग नव्हता. दवाखान्यात न्यायला छकडा सांगितला होता, तो यायच्या आत ती गेली.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि मी दारात उभी राहिले. आज मी ऐंशीच्या पुढं आहे. खालून पाण्याची कळशी मीच वर आणते, मध्ये कुठं थांबावं लागत नाही. माझी छाती साफ आहे. भागूनंतर मी कितीतरी हंगाम मुकादमीण होते, आणि ते सगळे हंगाम दारातच काढले. कोपऱ्यातल्या रेच्यावर दुसरी बाई आली, नवी, पाथरीकडची. दुसऱ्या महिन्यात तिला सोमवारी धाप लागायली. बाकीच्या बायका तिच्याभोवती जमल्या आणि म्हणल्या, घाबरू नको, सोमवार धर, अक्कानं भागूला तेच सांगितलं होतं. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, खरं का म्हणून.

मी दारातनं मान डोलावली.